मालक, मोटार चालू करा!

आटपाडीत घर बांधून संपत नाही. स्लॅब पडतो, गिलावा होतो, रंग लागतो, वास्तुशांतीच्या पंगती उठतात. पण गच्चीवर कॉलमच्या सळया तशाच उभ्या राहतात. वरचा मजला काढायचा असतो. कधी, ते ठरलेलं नसतं. तोवर सळयांना दोरी बांधून त्यावर धुणं वाळत राहतं. मग एखाद्या वर्षी डाळिंबाचा बहार साधतो, नाहीतर घरातल्या कुणाची फंड-ग्रॅच्युइटी हातात येते, आणि वर चार खोल्या चढतात. जिना घरातून न काढता बाहेरून काढला, की गल्लीला कळतं: इथं आता घरमालक तयार होतोय.

जिना बाहेरून काढताना हिशेब अगदी सोपा असतो. खोल्या चार, भाडं अडीच हजार, म्हणजे महिन्याला दहा हजार, वर्षाला 1 लाख 20 हजार. ना औषध फवारायचं, ना छाटणी, ना मजुरांची वाट बघायची. महिन्याच्या पाच तारखेपर्यंत भाडेकरू वरून खाली येणार, पैसे ठेवणार, नमस्कार करून जाणार. या हिशेबात जिन्यावरून फक्त भाडेकरू खाली येतो. मालकाला किती वेळा वर जावं लागणार आहे, हा आकडा त्यात कुठंच नसतो.

भाव ठरवतानाच पहिला धक्का बसतो. 2020 च्या अखेरीस आटपाडी तालुक्यातल्या एका मेंढपाळाचा मडग्याळी मेंढा 70 लाखांना मागितला गेला आणि त्यानं तो दिला नाही, दीड कोटी सांगितले, ही बातमी देशभर गाजली होती. मेंढ्याचे हे भाव ऐकलेला तालुका दहा बाय बाराच्या खोलीचे तीन हजार ऐकले की मात्र डोळे मोठे करतो. "तीन हजार? खोली पुण्यात हाय का?" असं विचारून समोरचा माणूस गाडीला किक मारतो. मालक त्याच्या मागं दोन पावलं जाऊन अडीचवर येतो. मेंढ्याच्या मालकाला जे जमलं ते खोलीच्या मालकाला जमत नाही, कारण मेंढा बाजारातून परत घरी नेता येतो. रिकामी खोली रोज डोक्यावरच असते.

या नव्या मालकांच्या साधारण तीन तऱ्हा.

पहिला डाळिंबवाला. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार असे तिन्ही बहार त्यानं पाहिलेले असतात, आणि तेल्या रोगानं उभी बाग काढायची वेळही त्याच्यावर आलेली असते. खोलीवर तेल्या पडत नाही, या एकाच गुणावर खूश होऊन त्यानं खोल्या बांधलेल्या असतात. खोलीला पोपडे येतात, हे त्याला दुसऱ्या पावसाळ्यात कळतं.

दुसरा निवृत्त माणूस. आयुष्यभर शाळेचं हजेरीपत्रक नाहीतर एसटीचं वेबिल भरलेलं असल्यानं यानं भाडेकरूंसाठीही रजिस्टर घातलेलं असतं. त्यात खोली क्रमांक, माणसं किती, सिलिंडर कुठल्या कंपनीचा, आणि शेवटी 'शेरा' असा रकाना. शेऱ्यात 'चप्पल आवाज' असं लिहिलेलं आढळतं.

तिसरा गलाईवाला. आटपाडी-खानापूर भागातली हजारो घरं सोन्याचांदीच्या गलाईवर उभी राहिलेली आहेत. जुने दागिने वितळवून सोनं-चांदी शुद्ध करायची, या एका कसबावर इथली माणसं केरळ, तामिळनाडूपासून बिहार-बंगालपर्यंत पोचली. कमाई तिकडं, बंगला इकडं. गावाकडचा बंगला वर्षभर कुलूपबंद ठेवण्यापेक्षा खालचा मजला भाड्यानं द्यावा, असं कुणीतरी सुचवतं आणि कोइमतूरला बसलेला माणूस आटपाडीत घरमालक होतो. त्याची गोष्ट स्वतंत्र आहे. ती पुढं येईल.

भाडेकरूंची मात्र गावात वाण नाही. तालुक्याचं ठिकाण असल्यानं तहसील, पंचायत समिती, बँका, शाळा-कॉलेज, कोर्ट आणि एसटीचं आगार, या सगळ्यांत बदलून आलेली माणसं असतात. पोलीस भरतीची तयारी करणारी खेड्यापाड्यांतली पोरं असतात. ती तिघं म्हणून येतात आणि आठवड्यात पाच होतात. डाळिंबाच्या हंगामात व्यापाऱ्यांची माणसं उतरतात. फरशी आणि पीओपीचं काम करणारे परप्रांतीय कारागीर असतात. यांतून निवड करायची म्हणजे मुलाखत आली. पोरीसाठी स्थळ बघताना जेवढी चौकशी होते तेवढी, आणि त्याच क्रमानं.

"गाव कंचं तुमचं?"

"जत तालुका."

"नाव?"

पाहुणा नाव सांगतो.

"तसं नव्हं, पुरं नाव सांगा की. आडनाव?"

आडनाव सांगितलं जातं. त्यातून काही उलगडलं नाही, तर "पाव्हणं-रावळं कुणाकडचं?" आणि तेवढ्यानंही भागलं नाही, तर "खाण्यापिण्याचं कसं हाय?" शेळ्यामेंढ्यांच्या बाजारासाठी नावाजलेल्या गावात हा प्रश्न अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारला जातो. उत्तर ऐकून मालक म्हणतो, "बघतो, एक जण आधी विचारून गेलाय." विचारून गेलेला हा एक जण कुणी कधी पाहिलेला नाही.

यात हसण्यासारखं फार नाही. याच आटपाडीत जन्मलेले शंकरराव खरात पुढं मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, 1984 च्या जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 'तराळ-अंतराळ' हे त्यांचं आत्मचरित्र वाचलेला माणूस खोली दाखवताना आडनावापाशी अडत असेल, तर त्यानं ते पुस्तक पुन्हा वाचायला हवं. शिवाय निव्वळ व्यवहार म्हणून पाहिलं तरी ही चाळणी कुचकामी आहे. आडनाव पाहून घेतलेला भाडेकरू तीन महिन्यांचं भाडं बुडवून रात्रीत टेम्पो भरतो, आणि 'बघतो' म्हणून परत पाठवलेला माणूस पलीकडच्या गल्लीत पाच वर्षं एक तारखेला भाडं देतो. ही दुसरी बातमी मालकाला हमखास न्हाव्याच्या दुकानात कळते.

माणूस पसंत पडला, की घरातली वडीलधारी मंडळी कट्ट्यावरून सावध करतात: "जपून. कूळ लागंल."

हे भय हवेतून आलेलं नाही. 1948 च्या कूळकायद्यानुसार 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला आणि कसेल त्याची जमीन झाली. त्या दिवसाच्या आठवणी अजून घराघरांत आहेत. कुणाच्या आजोबांची जमीन गेली, कुणाच्या आजोबांना मिळाली. ज्यांना मिळाली तेही आज खोली भाड्यानं देताना 'कूळ लागंल' म्हणून तेवढेच घाबरतात. तो कायदा शेतजमिनीचा आहे आणि दहा बाय बाराच्या खोलीत कुणी ज्वारी पेरत नाही, हे कट्ट्यावरच्या आण्णांना पटवून देणं अवघड जातं.

कूळकायद्याचं भूत उतरवावं, तर मुंबईचं भूत पुढं येतं. गावातला एखादा मुंबईच्या गिरणीत काम करून आलेला असतो. तो सांगतो, "माझ्या चाळीचं भाडं तीस रुपये. मालक मेला, त्याचा पोरगा मेला, भाडं तीसच." यातही तथ्य आहे. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीशी बांधून ठेवली. युद्धकाळातली टंचाई म्हणून केलेली ही सोय अर्धं शतक टिकली. चाळींचे मालक दुरुस्ती करीनात, भाडेकरू जागा सोडीनात, आणि मधल्या मध्ये पागडी नावाचा तिसराच व्यवहार फोफावला. शेवटी डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, भाडी अशी गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही, असा निकाल दिला आणि त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 आला. तो 31 मार्च 2000 पासून अमलात आहे. म्हणजे आटपाडीचा नवा मालक ज्या दोन कायद्यांना भिऊन असतो, त्यांतला एक शेताचा आहे आणि दुसरा केव्हाच गेला. जो आज आहे, त्याची मात्र त्याला भीती नाही, कारण तो त्यानं वाचलेलाच नाही.

न वाचताच तो थेट तहसील कचेरीबाहेरच्या स्टॅम्प वेंडरकडं जातो.

"शंभरच्या स्टॅम्पवर अकरा महिन्याचं करून द्या."

या एका वाक्यात दोन गोष्टी जुन्या झालेल्या आहेत. पहिली, शंभरचा स्टॅम्प. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्य शासनानं शंभर-दोनशेची जागा पाचशेला दिली, तेव्हा हा कागद आता पाचशेचा होतो. दुसरी, अकरा महिन्यांची जादू. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, असं 1908 चा केंद्राचा नोंदणी कायदा सांगतो. नोंदणी चुकवायची म्हणून देशभर अकरा महिन्यांची पळवाट रूढ झाली. महाराष्ट्रात ही पळवाट बंद आहे. 1999 च्या कायद्याचं कलम 55 सांगतं, की करार अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पण मालकाला घाम फुटावा तो कैदेनं नव्हे, त्याच कलमातल्या दुसऱ्या एका वाक्यानं. नोंदवलेला करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जाईल. तसं नव्हतं, हे सिद्ध करणं मालकाच्या गळ्यात. याचा आटपाडीतला अर्थ असा: भाडेकरूनं सांगितलं की भाडं अडीच नव्हे, दीड हजार ठरलं होतं, आणि त्यात गच्चीवर कुरडया वाळवायचा हक्क धरलेला होता, तर मालकाकडं पुरावा म्हणून काय असतं? मालकीणबाईंनी त्या दिवशी केलेला चहा.

उलट नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार असला, तर कायदा मालकाच्या बाजूनं चांगला ठाम उभा राहतो. मुदत संपली की जागा सोडायची. नाही सोडली तर कलम 24 प्रमाणे सक्षम अधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो, आणि तेवढ्या काळाची भरपाई दुप्पट दरानं मागता येते. हे करायला लागणारा खर्च पाहा. लिव्ह अँड लायसन्सचं मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. अनामत परत करण्याची असेल तर तिच्यावर वर्षाला दहा टक्के धरून ती रक्कम भाड्यात मिळवायची. अडीच हजार भाडं आणि दहा हजार अनामत धरली, तर अकरा महिन्यांचं शुल्क होतं शंभराच्या आत. पूर्णांक करून घेतलं तरी शंभर. वर नोंदणी फी ग्रामीण हद्दीत 500, शहरी हद्दीत 1000. आणि हे काम आता आधार आणि अंगठ्यावर ऑनलाइन होतं. थोडक्यात, न चालणाऱ्या कागदाचा स्टॅम्प पाचशेचा आणि चालणाऱ्या कागदाचा शंभरचा. तरी वेंडरसमोरची रांग हटत नाही, कारण पाचशेच्या कागदाला हिरवी-निळी नक्षी असते आणि तो हातात धरल्यावर काहीतरी केल्यासारखं वाटतं.

एक खुलासा मात्र करायला हवा. हा भाडे नियंत्रण कायदा सगळ्या गावांना सरसकट लागू नाही. त्याच्या परिशिष्टांत आणि नंतरच्या अधिसूचनांत गावांची नावं आहेत. तेव्हा वकिलाला पहिला प्रश्न 'भाडेकरूला काढायचं कसं' हा विचारण्याऐवजी 'आपली हद्द यात येते का' हा विचारावा. वकील खूश होतो. असा प्रश्न त्याला फार कमी वेळा ऐकायला मिळतो.

कागद झाला, की बिऱ्हाड येतं. टेम्पोतून कपाट, गॅस, कूलर आणि तुळशीची कुंडी उतरते. पहिला दिवस गोड जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जिन्यावरून आवाज येतो:

"मालक, मोटार चालू करा!"

माणदेशातल्या माणसाला पाण्याचं मोल सांगायची गरज नाही. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी अडवायचं आणि टप्प्याटप्प्यानं पंपांनी वर चढवत दुष्काळी तालुक्यांत आणायचं, या योजनेसाठी नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली 1993 पासून इथं पाणी परिषदा भरल्या, मोर्चे निघाले. कृष्णामाई इतके डोंगर चढून तालुक्यात आली. पण अंगणातल्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत जाण्याचा तिचा शेवटचा टप्पा मालकाच्या बोटावर आहे. बटण त्याच्या स्वयंपाकघरात. तो शेतात गेला की वर पाणी नाही. तो बटण दाबून वर्तमानपत्र वाचत बसला की टाकी भरून वाहते, आणि ज्या भाडेकरूनं 'चालू करा' म्हणून हाक मारली तोच 'बंद करा' म्हणून ओरडतो. सकाळी एक हाक, संध्याकाळी एक, आणि लग्नसराईत भाडेकरूकडं पाहुणे असले तर दर तासाला एक. मालक झालेल्या माणसाला आयुष्यात प्रथमच कुणाच्या तरी आंघोळीच्या वेळा पाठ होतात.

पाण्यामागून वीज. वायरिंगचा खर्च वाचवायचा म्हणून मालकानं महावितरणचं एकच मीटर ठेवलेलं असतं आणि खोल्यांना सबमीटर लावलेले असतात. घरगुती विजेचे पहिले टप्पे 100 युनिटपर्यंत आणि 101 ते 300. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीच्या आसपास. चार बिऱ्हाडांनी प्रत्येकी साठ-साठ युनिट जाळले तर प्रत्येक बिऱ्हाड गरीब, पण मीटरवर दिसतो 240 युनिटांचा एक श्रीमंत माणूस. बिल त्या श्रीमंताच्या दरानं येतं. भाडेकरू म्हणतो, "माझे साठ युनिट, शंभरच्या आतला दर लावा." मालक म्हणतो, "मला तसं बिल येत न्हाय." दोघंही खरं बोलत असतात.

मग वही येते. शंभरपानी, वर गणपतीचं चित्र असलेली. प्रत्येक पानावर चार उभे रकाने: मागचं रीडिंग, चालू रीडिंग, युनिट, सही. दर महिन्याच्या एक तारखेला मालक डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोबाइलचा टॉर्च घेऊन सबमीटरसमोर वाकतो. शेजारी भाडेकरू साक्षीदार म्हणून उभा. आकडा 7 की 1 यावर एकमत झालं की सही. सगळं जुळतं आणि शेवटी जिन्यातला बल्ब उरतो. नऊ वॉटचा बल्ब, रात्रीचे दहा तास, तीस दिवस: पावणेतीन युनिट. पंचवीस-तीस रुपये. ते चौघांत वाटायचे. पहिल्या खोलीचा म्हणतो, मी पहिल्या मजल्यावर, मी अर्धाच जिना वापरतो. भरतीची पोरं म्हणतात, आम्ही अंधारातच पळत चढतो, तेवढाच सराव. महिनाभर चर्चा होऊन बल्ब मालकाच्या खात्यावर टाकला जातो आणि तेव्हापासून मालक रात्री अकराला उठून तो बंद करतो.

अकरावरून आठवलं: फाटक. नव्या मालकाचा पहिला नियम, 'रात्री दहानंतर फाटक बंद.' दुसरा, भिंतीला खिळा मारायचा नाही. तिसरा, पाहुणा दोन दिवसांच्या वर राहायचा नाही. हे नियम तो छापील अक्षरांत जिन्याजवळ चिकटवतो. ज्या आटपाडीच्या शिवारात 1939 साली औंधच्या राजेसाहेबांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, मॉरिस फ्रीडमन यांच्या साथीनं स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी केली, भिंती आणि गजांशिवाय, शेती करत बायकामुलांसह राहणाऱ्या जन्मठेपेच्या माणसांची, तिथून काही अंतरावर बँकेतला क्लार्क रात्री सव्वादहाला फाटकाबाहेर उभा राहून हळू आवाजात "मालक... ओ मालक..." करत असतो. स्वतंत्रपुराच्या प्रयोगावरून गदिमांनी कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी 1957 साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. क्लार्कवर अजून कुणी सिनेमा काढलेला नाही.

फाटकाचा हा नियम मोडतो तो एसटीचा वाहक. शेवटची गाडी आगारात लावून, रोकड भरून तो येतो तेव्हा साडेअकरा झालेले असतात. आणि पहाटेची पहिली गाडी असली की साडेचारला त्याला बाहेर पडायचं असतं. चार रात्री फाटक उघडून मालकाची झोप उडते आणि पाचव्या दिवशी तो स्वतः वाहकाला किल्ली करून आणून देतो. किल्ली एकाला दिली की चौघांना द्यावी लागते. पंधरवड्यात फाटकाचा नियम भिंतीवर राहतो, फाटकावर नाही.

आता मूळ मुद्दा, भाडं. पाच तारीख उलटते, सात होते. मालक जिना चढतो. "या की मालक!" म्हणून खुर्ची पुढं येते, चहा येतो. पोरगं किती शिकलं, पाऊस कसा, टेंभूचं आवर्तन कधी, सगळं होतं. मालक चहा पिऊन खाली येतो.

"काय म्हणालं?" मालकीणबाई.

"कुठं काय. सहज गेलो होतो."

पैसे मागायचा संकोच हा माणदेशी माणसाचा खानदानी आजार आहे. उसने मागताना नसतो, स्वतःचे मागताना असतो. शेवटी वसुली खातं मालकीणबाईंकडं जातं. त्या जिना चढत नाहीत. खालूनच, चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "वैनी, सिलिंडर संपला का ओ? न्हाय, पगार झाला असंल म्हणून इचारलं." संध्याकाळी फोनवर पैसे जमा झाल्याचा मेसेज येतो.

पैसे आले की पावती द्यायची असते, हे फार थोड्यांना ठाऊक. भाडे नियंत्रण कायद्यात ती सक्तीची आहे आणि न दिल्यास दिवसाला शंभर रुपयांपर्यंत दंड आहे. पण पावती मालकाला आठवते ती भाडेकरूच मागायला येतो तेव्हा, मार्च महिन्यात. पगारदार माणसाला जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची वजावट घ्यायची असते. "मालक, पावती आठ हजार तीनशेची द्या." मालक चक्रावतो, खोली अडीचची, पावती आठची? खुलासा असा, की वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर दाखवलं तर मालकाचा पॅन द्यावा लागतो. म्हणून आठ हजार तीनशे तेहतीस या आकड्याच्या अलीकडं सगळा भाडेकरू समाज दाटीवाटीनं उभा असतो. मालक आधी आपल्या खोलीची ही किंमत वाचून सुखावतो. मग त्याच्या लक्षात येतं, की सही त्याची, उत्पन्न त्याच्या नावावर, आणि उरलेले पावणेसहा हजार कुठंच नाहीत. अशा पावतीवर सही करू नये, एवढं त्याला निवृत्त गुरुजी समजावतात.

नोकरीत असलेल्या गुरुजींच्या बाबतीत आणखी एक गंमत असते. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांनी मुख्यालयी राहावं, अशी शासनाची अट आहे. 2019 च्या शासन निर्णयानं त्यासाठी ग्रामसभेचा ठरावही मागितला. त्यामुळं काही खोल्यांना असा आदर्श भाडेकरू लाभतो, ज्याचं भाडं वेळेवर येतं, पाणी लागत नाही, सबमीटर हलत नाही, खिळा मारला जात नाही. तो राहतो विट्याला. असा भाडेकरू मिळालेला मालक गावात कुणाशी जास्त बोलत नाही.

आता कोइमतूर. गलाईवाल्या मालकानं बंगल्याला चार कॅमेरे लावलेले असतात. भट्टीजवळ बसल्या-बसल्या मोबाइलवर त्याला आटपाडीचं अंगण दिसतं. दुपारी भाडेकरूचा फोन वाजतो.

"नमस्कार. ते नारळाच्या झाडाखाली कोण बसलंय?"

"माझे सासरे आहेत, साहेब."

"बसू दे, बसू दे. पण नारळ पडंल. खुर्ची जरा अलीकडं घ्या म्हणावं."

सासरे खुर्ची अलीकडं घेतात आणि आकाशाकडं बघून हात जोडतात. कॅमेरा पलीकडच्या कोपऱ्यात असतो. चैत्रात खरसुंडीच्या सिद्धनाथाची यात्रा आली, की मालक कुटुंबासह गावी येतो. स्वतःसाठी राखून ठेवलेल्या वरच्या खोलीत उतरतो आणि चार दिवस भाडेकरूच्याच घरून येणाऱ्या भाकरी-आमटीवर राहतो, कारण त्याचं स्वयंपाकघर त्यानं भाड्यानं दिलेलं असतं. जाताना भाडेवाढीचं बोलायचं ठरलेलं असतं. भाडेनियंत्रित जागेला कायदा वर्षाला चार टक्के वाढ देतो; लिव्ह अँड लायसन्समध्ये करारात ठरेल तेवढी. पण ज्या घरची आमटी चार दिवस खाल्ली, त्या घराला टक्केवारी सांगायला जीभ उचलत नाही. तो गाडीत बसतो आणि वाढीचा मेसेज तामिळनाडूची हद्द लागल्यावर पाठवतो.

वर्ष संपतं. वही उघडली जाते. 1 लाख 20 हजार यायचे होते. एक खोली दोन महिने रिकामी, पाच हजार गेले. मोटार एकदा जळली, वाइंडिंग करून आणली. शोषखड्डा भरला. भरतीची पोरं पास होऊन गेली. त्यांच्या मागं भिंतीवर उड्यांच्या खुणा राहिल्या, त्यांना रंग. भाडेकरू ठेवला म्हणून घरपट्टीची फेरआकारणी. आयकर खात्याचा हिशेब मात्र सुटसुटीत: भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा करा, उरलेल्यातून दुरुस्ती वगैरेचे सरसकट तीस टक्के वजा करा, बाकीचं उत्पन्न. प्रत्यक्षात खर्च दहा टक्के झाला तरी तीस, साठ टक्के झाला तरी तीसच. ही टक्केवारी ज्यानं बसवली त्याच्या घरी बोअरची मोटार नसावी.

तरीही खोली रिकामी पडलेली कुणाला आवडत नाही. पहिल्या वर्षी भाडेकरू म्हणजे उत्पन्न असतं. दुसऱ्या वर्षापासून वरच्या मजल्यावरचं पोरगं खाली येऊन मालकीणबाईंच्या ताटात जेवायला लागतं, पंचमीला वरून दिंड येतात, दिवाळीला खालून करंज्या जातात, आणि मालक आजारी पडला तर रात्री दवाखान्यात न्यायला वाहकच मिळतो. व्यवहार इथंच अवघड होतो. वाद झाला म्हणून पाणी किंवा वीज तोडणं कायद्यानं गुन्हा आहे, हे ज्याला ठाऊक नसतं तोही आटपाडीत ते सहसा करत नाही. खालच्या हापशाला बादली घेऊन आलेल्या पोराकडं बघायचं कुणी?

ज्यांच्या गच्चीवर सळया अजून उभ्या आहेत, त्यांनी जिना बाहेरून काढण्याआधी एवढं करावं. प्रत्येक खोलीला स्वतंत्र मीटर मागावा. आज महाग वाटेल, वहीपेक्षा स्वस्त पडेल. मोटारीला टाकी भरली की आपोआप बंद होणारा स्विच बसवावा. करार लेखी आणि नोंदवलेला करावा, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी, पावतीपुस्तक आणावं. आणि अनामत म्हणून आलेले दहा हजार वेगळ्या खात्यात ठेवावेत. नवा मालक ते पहिल्याच महिन्यात मोटारीला किंवा रंगाला घालतो, आणि भाडेकरू जायला निघाला की 'दोन दिवसांनी देतो' म्हणतो. वर्षभर गोडीनं राहिलेल्या माणसांची भांडणं बहुतेक त्या दोन दिवसांत होतात, आणि त्यांत दर वेळी चूक मालकाची असते.